जनावरांना गुण आला

अंबिका : काकी, तात्यांच्या कमरेला हे काय बांधलंय?

सखूबाई : हळू बोल की गं. सिस्टर ऐकंल.

अंबिका : ऐकू दे. चादर सारखी करायला गेले तर हाताला दगड लागला. काय आहे ते?

सखूबाई : दगड नाय. चुंबक हाय.

अंबिका : चुंबक?

सखूबाई : भोंग्यातलं. आपली मेंढरं बसलीत त्या काकासाहेबाच्या शेतात, आखाड्यावर, जुना भोंगा पडला व्हता. मेंढरामागच्या आपल्या रामेश्वरनं खोलून काढलं. लई ताकद हाय त्यात. काल माझी पिन जाऊन चिकटली ती दोन हातानं वढून काढावी लागली. टोचू नाय म्हून फडक्यात शिवून बांधलंय. तू काळजी नको करू.

अंबिका : पण कशासाठी?

सखूबाई : कशासाठी म्हून मलाच इचारतीस? तुझाच तर इलाज हाय.

अंबिका : माझा?

सखूबाई : मंग कुणाचा? मोनिकाच्या हळदीला आलतीस तवा सगळ्या बायांत बसून सांगितलंस का नाय? चुंबक अन् संगं औषध, दोन्ही मिळून किडनीला देतोत. आमच्या जनावरांना गुण आला. अक्षर न् अक्षर ध्यानात हाय माझ्या. चंपाबाई तर म्हणली, सखूबाई, तुमच्या पुतणीनं घराण्याचं नाव काढलं.

अंबिका : अगं काकी, मी ते...

सखूबाई : मी म्हणलं, जनावराला गुण आला तर माणसाला कामून येणार नाय? मेंढराचं पोट फुगलं की जे पाजते तेच ह्यांला पाजते मी. मेंढराच्या खुराला जी पूड लावते तीच ह्यांच्या टाचंला. आजवर काय वाईट झालं?

त्रिंबक : एकदा मरता मरता राह्यलो.

सखूबाई : आँ? जागे हाव व्हय तुमी? मंग मघापासून डोळे मिटून कामून पडलाव?

त्रिंबक : तुझी बडबड ऐकू येऊ नाय म्हून.

अंबिका : तात्या, कसं वाटतंय?

त्रिंबक : ये बाई. कॉलेज सोडून आलीस? चांगला हाय मी. ह्यांला सांग, सोडा म्हणावं मला.

अंबिका : डॉक्टर मॅडमचा फोन आला मला. म्हणाल्या, तुमचे काका डायलिसिसला नाही म्हणतात, सही करून घरी जातो म्हणतात. तुम्ही घरचे आहात, येऊन समजावा. मी तशीच निघाले. लॅबचे हातमोजे पण खिशातच राहिलेत.

त्रिंबक : दोनदा गेलो की मशीनवर. तुमच्या सगळ्यांच्या शब्दाखातर गेलो. आता बास.

अंबिका : तिसऱ्यांदा जायला काय हरकत आहे?

त्रिंबक : ऊन लागलं, चक्कर आली, पडलो. ऊन काय मला पैल्यांदा लागलं? वाळूजच्या कंपनीच्या बसवाल्यांनी उचलून आणलं, भलं व्हवो त्यांचं. सलाईन लावलं, उठून बसलो. मानूस उठून बसला म्हंजी बरा झाला. पर ह्यांचं नाय भागत. ती सिस्टर घडीघडी येऊन लघवीची पिशवी बघून जाती. दुभत्या म्हशीचं दूध बी कुणी इतकं मापत नाय.

अंबिका : कारण त्या पिशवीत काहीच नसतं, तात्या. तुम्ही पडलात तेव्हा अंगातलं पाणी संपलं होतं. रक्त किडनीपर्यंत पोचलंच नाही. सलाईननं तुम्ही जागे झालात, पण किडनी अजून जागी झालेली नाही.

सखूबाई : म्हून तर चुंबक बांधलंय. अन् निस्तं चुंबक नाय हां. तुझं ते औषध बी चालू हाय. अँटी... अँटीका... ते गं.

अंबिका : अँटिऑक्सिडंट? ते तुला कुठून मिळालं?

सखूबाई : तूच म्हणलीस की हळदीत, आवळ्यात असतंय, मोसंबीत असतंय. आवळा ह्या दिवसात कुठून आणू? मोसंबी मातर चांगली घावली. ही बग बाटली. परवाधरनं पाजायलेय. अन् मधी मधी नारळपाणी.

अंबिका : काकी! परवापासून?

सखूबाई : मंग? माझा मानूस हाय, हात आखडता घेऊ का? एक पेला झाला की दुसरा तयारच.

अंबिका : फळं, रस, नारळपाणी काही द्यायचं नाही, असं सांगितलं नव्हतं का कुणी?

सखूबाई : सांगितलं व्हतं. पर ते बाकीच्या पेशंटला सांगतेत तसंच सांगितलं, मी म्हणलं. ह्यांची पुतणी ह्याच कामात हाय हे त्यांला काय ठाव?

अंबिका : अगं, सकाळच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलेलं आलंय. मॅडमना कळेना, कालपर्यंत ठीक होतं, एकाएकी कशानं चढलं. ते ह्या रसानं चढलंय. चांगली किडनी असली की ते लघवीवाटे निघून जातं. ह्यांच्या अंगात ते साठतंय. फार साठलं की...

सखूबाई : की काय?

अंबिका : हृदय बंद पडतं.

सखूबाई : ही बाटली... घे गं, घे आदी माझ्या हातातून.

अंबिका : काकी. काकी, खाली बस आधी.

सखूबाई : म्हंजी मीच पाजलं व्हय गं? माझ्या हातानं?

त्रिंबक : मोसंबी ग्वाड व्हती पर.

सखूबाई : तुमी गप बसा! थट्टा सुचायली मानसाला! मी हितं ह्यांच्या काळजाला हात घातला अन् हे म्हणतेत ग्वाड व्हती.

अंबिका : तू काही केलं नाहीस. मीच बोलून गेले. अर्धं सांगितलं आणि जेवायला उठले.

सखूबाई : मला काय कळतंय बाई? बुडत्याला काडीचा आधार. दिसंल ती काडी धरली. बरं, ऱ्हाऊ दे आता. रस बंद. भोंग्याचं चुंबक चालत नसंल तर ते बी सोडते. तू तुझं खरं आण.

अंबिका : काय आणू?

सखूबाई : तुझं खरं चुंबक अन् खरं औषध. कॉलेजातलं. उस्मानपुऱ्यात चुंबकाचे पट्टे मिळतेत म्हणं, रामेश्वर आणतो म्हणला. मी म्हणलं नगं, घरात पोरगी असताना दुकानातलं कामून? तुझ्या सरांला सांग, माझा तात्या हाय, एक दिवस द्या. जनावरांना गुण आला तेच दे.

अंबिका : काकी, ती जनावरं म्हणजे मेंढरं नव्हती.

सखूबाई : नसू देत. गुरं असतील.

अंबिका : गुरं पण नाहीत.

सखूबाई : मंग काय, हत्ती का?

अंबिका : उंदीर.

सखूबाई : काय?

अंबिका : उंदीर, काकी. पांढरे. वीतभर पिंजऱ्यात असतात.

त्रिंबक : हॅ हॅ हॅ... आई गं... हसवू नका मला, कुशीत दुखतंय. ऐकलंस का गं? रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला!

सखूबाई : उंदराला जनावर कोण म्हणतं गं? जनावर म्हंजी मेंढरू, बैल. लई झालं तर साप. रानात जनावर निघालं म्हणलं तर पाय वर घेतो मानूस. उंदीर निघाला तर कोण म्हणतं जनावर निघालं?

अंबिका : आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना ॲनिमल म्हणतात. ॲनिमल आले, ॲनिमलला डोस दिला. मी त्याचं मराठी केलं.

सखूबाई : सरळ उंदीर म्हणायचं व्हतं.

अंबिका : लाज वाटली.

सखूबाई : कशाची?

अंबिका : सगळ्या बसल्या होत्या. चंपाबाईंची रूपा तलाठी झाली, मोनिकाला नोकरीवाला नवरा मिळाला. मला विचारलं, अंबे, तू इतकी वर्षं शिकतीस ते काय करतीस गं? म्हटलं उंदीर म्हणाले तर म्हणतील, मेंढरं सोडून उंदरं राखायला गेली का ही? म्हणून जनावर म्हणाले. जरा बरं वाटलं.

त्रिंबक : धनगराची पोर ती. कळप लागतोच राखायला.

सखूबाई : तुमी गप ऱ्हावा. बरं, उंदीर तर उंदीर. गणपतीचं वाहन हाय, वाईट नाय. गुण तर आला ना त्यांला? आता खेळत असतील ना पिंजऱ्यात?

अंबिका : नाही.

सखूबाई : मंग सोडून दिले?

अंबिका : नाही काकी. ते नाहीत आता.

सखूबाई : नाहीत म्हंजी?

अंबिका : शेवटी मारावे लागतात. किडनी बाहेर काढून, तिच्या पातळ चकत्या करून काचेखाली बघतो आम्ही. त्याशिवाय आत किती जळलं, किती वाचलं ते कळत नाही.

सखूबाई : बरी करून मारता?

अंबिका : हो.

सखूबाई : सगळी?

अंबिका : सगळी.

सखूबाई : अन् पैल्यांदा किडनी बिघडली कशानं त्यांची? त्यांला बी ऊन लागलं?

अंबिका : आम्हीच बिघडवतो. भूल देऊन, रक्ताची शीर चिमट्यात धरून ठेवतो. मग सोडतो.

सखूबाई : देवा म्हसोबा. अन् मी त्याच इलाजाच्या भरवशावर ह्यांला मोसंबी पाजत बसले.

त्रिंबक : थांब गं जरा. मला एक कळू दे. अंबे, चिमटा सोडला, रक्त परत आलं. मंग तर बरं व्हायला पायजे. बिघडतं कुठं?

अंबिका : परत येतं तेव्हाच जास्त बिघडतं, तात्या. उन्हातान्हाचं तहानलेलं मेंढरू एकदम पाण्यावर सोडलं तर काय होतं?

त्रिंबक : कोण सोडतंय एकदम? पोटभर पिलं की पाय पसरून बसतंय. कवा कवा उठतच नाय.

अंबिका : किडनीचं तसंच काहीसं होतं. उपाशी राहिलेल्या जागी रक्त एकदम येतं आणि आत जाळ होतो. तो जाळ कमी व्हावा म्हणून ते औषध. आणि चुंबकानं, म्हणजे तारांचं वेटोळं असतं, त्यात वीज सोडतो, त्यानं रक्त बारीक बारीक नसांपर्यंत नीट पोचतं असं आम्हाला वाटतं. नुसतं एक दिलं तर थोडा फरक पडतो. दोन्ही मिळून दिलं तर जास्त दिसला. उंदरांत. आमच्या खोलीत. माणसाला कुणी दिलेलं नाही.

त्रिंबक : मंग मला दे. मी व्हय म्हणतो.

अंबिका : तुम्ही हो म्हणून भागत नाही. आणि दिलं तरी उपयोग नाही. ते औषध रक्त परत सुटायच्या आधी द्यावं लागतं. आम्हाला वेळ ठाऊक असते, कारण इजा आम्हीच करतो. तुम्ही वाळूजच्या रस्त्यावर कधी पडणार, हे कुणाला ठाऊक होतं?

सखूबाई : म्हंजी तुझ्याकडं ह्यांच्यासाठी कायच नाय.

अंबिका : नाही, काकी. काहीच नाही.

त्रिंबक : रडू नको गं, अंबे. मी इचारतो त्याचा जबाब दे. सगळ्याच उंदरांला औषध देता का काहींला तसंच ठिवता?

अंबिका : काहींना तसंच ठेवतो. फरक कळावा म्हणून.

त्रिंबक : त्यांचं काय व्हतंय?

अंबिका : काही जातात. काहींची किडनी आपली आपणच सुधारायला लागते. सावकाश.

त्रिंबक : काय न देता?

अंबिका : काही न देता.

त्रिंबक : झालं तर मंग! मला बी काय देऊ नका. औषध नगं, चुंबक नगं, मशीन नगं. मला काकासाहेबाच्या रानात नेऊन टाका. लिंबाखाली पडतो. सुधारायचं असंल तर सुधारंल आपलं आपण.

अंबिका : तात्या, असं नसतं ते!

त्रिंबक : तूच म्हणलीस.

अंबिका : सुधारायला दिवस लागतात. तोपर्यंत अंगातली घाण कोण काढणार? तुमच्या दोन्ही किडन्या बसल्यात. मशीन किडनी बरी करत नाही, ती फक्त तिचं काम करते, ती उठेपर्यंत. आज गेला नाहीत तर ती उठायच्या आधी तुम्ही... तुम्हाला समजत कसं नाही?

त्रिंबक : मला लई समजतंय. आपल्या गावातल्या द्वारकाबाईचा मालक मशीनवर चढला तो तिरडीवरच उतरला. हप्त्यातून तीनदा. गावातलं घर बंद, शहरात खोली. पयल्यानं बैल गेले, मागून शेत लोकाकडं. मशीन एकदा लागलं की सुटत नाय.

अंबिका : त्यांना साखर होती. वर्षानुवर्षं किडनी आटत आली होती. विहीर आटली की आटली. तुमची आटलेली नाही, तिला मार बसलाय. दोन्हींत फरक आहे.

त्रिंबक : मंग वचन दे.

अंबिका : कसलं?

त्रिंबक : मशीन सुटंल म्हून. तू शिकलेली हायस, ह्याच कामात हायस. हातावर हात मारून सांग, तात्या, तुझं मशीन सुटंल. आत्ता उठतो.

अंबिका : बहुतेकांचं सुटतं.

त्रिंबक : बहुतेकांचं नाय इचारलं मी.

अंबिका : तुमचंही सुटेल असं मला वाटतं. मॅडमनाही वाटतं. पण नक्की माहीत नाही.

सखूबाई : अगं दे की वचन! काय जातंय तुझं? खोटं का व्हईना, दे.

अंबिका : नाही, काकी. मोनिकाच्या हळदीला अर्धं खरं बोलले, त्याची मोसंबी झाली. आता नाही.

सखूबाई : बाई गं, काय हट्टाची जात हाय तुमची! चुलता तसा अन् पुतणी तशी.

त्रिंबक : मंग नाय जमत. मला सही करू द्या.

अंबिका : का पण? कशाला भिता इतकं? सुई टोचते म्हणून?

त्रिंबक : सुईला कोण भितंय?

अंबिका : मग?

त्रिंबक : मला बांधून घालू नका.

अंबिका : कोण बांधतंय?

त्रिंबक : मशीन म्हंजी बांधणंच की. आज इथं, परवा इथं, तेरवा बी इथंच. मेंढरं काय मशीनची वाट बघत बसतील? इकावी लागतील. रामेश्वर अजून तिथंच रान धरून बसलाय, तात्याच्या शब्दाबिगर कळप हालवत नाय म्हणतो. मेंढरं गेल्यावर मी काय करू, सांग. वाळूजात खोली घिऊन देशाल. पंखा लावशाल. मी खिडकीत बसून रिक्षा मोजू का? सारा जलम चाललो मी. एका जागंला बसून माझी भाकर बी पचत नाय. तसं जगण्यापरीस लिंबाखाली बरं.

अंबिका : आणि आम्ही?

त्रिंबक : तुमी काय? तुमी शाणेसुरते हाव.

अंबिका : मी नाही शहाणी. बाबा गेले तेव्हा आई म्हणाली, पोरीला मामाकडं ठेवू. तुम्ही म्हणालात, माझ्या भावाची पोर लोकाच्या दारात वाढायची नाही. घोड्यावर कोकरांच्या मधे बसवून नेलंत मला. शाळा आली की सोयगावला आणून सोडायचात, सुट्टी लागली की न्यायला यायचात. सगळी पोरं एसटीनं घरी जायची, मी विचारायची, आता आपलं घर कुठंय तात्या? तुम्ही म्हणायचात, चल, चालता चालता लागंल. मला मशीनचं काही सांगता येत नाही. मला भीती वाटते. मला तुम्ही पाहिजेत, तात्या. बसलेले असा, चालते असा, रिक्षा मोजत असा. मला पाहिजेत.

सखूबाई : मी बोलू का आता?

त्रिंबक : तुला कुणी अडवलंय कवा?

सखूबाई : औंदा त्या बांड्या मेंढीला पान्हाच फुटला नाय. कोकरू कुणाला लावलं तुमी?

त्रिंबक : शेळीला.

सखूबाई : कामून लावलं?

त्रिंबक : काय बी इचारतीस. मेलं असतं नायतर.

सखूबाई : मंग ते कोकरू म्हणलं का, मला शेळीला नका लावू, मी जलमभर शेळीचाच व्हईन? प्यालं मुकाट्यानं. मेंढीला दूध फुटलं तशी गेलं पळत तिच्याकडं. शेळीकडं वळून बी बगितलं नाय.

त्रिंबक : अन् मेंढीला फुटलंच नसतं तर?

सखूबाई : तर प्यालं असतं शेळीचं! जगलं तर असतं ना? कळपात तर असतं ना? तुमच्या मनात हाय ते मला कळतंय हो. मला बी खोलीत ऱ्हायचं नाय. पर तुमी नसताना रानात ऱ्हाऊन मी काय करू? भांडू कुणाशी? मेंढरांशी?

त्रिंबक : त्यांच्याशी बी भांडतीसच की.

सखूबाई : ती उलटून बोलत नायत. मला उलटून बोलणारं लागतंय. उठा.

त्रिंबक : अंबे.

अंबिका : काय, तात्या?

त्रिंबक : तुला नक्की माहीत नाय ना? सुटंल का नाय ते?

अंबिका : नाही.

त्रिंबक : बरं झालं. हितं आल्यापून जो तो म्हणतो, काय नाय होत, काय नाय होत. सिस्टर म्हणती, रामेश्वर म्हणतो, फरशी पुसणारी बी म्हणती. तवाच मी वळखलं, लई काय तरी हाय. माहीत नाय म्हणणारी तू पैली. तुझ्यावर इस्वास ठिवता येतोय.

सखूबाई : म्हंजी जाताव ना?

त्रिंबक : आदी हे ध्वांड सोड कमरंचं. परवाधरनं कूस बदलता येईना मला. उन्हानं नाय मेलो तो भोंग्यानं मेलो असतो.

(डायलिसिसच्या खोलीबाहेरचा बाक. उन्हं कलली आहेत.)

सखूबाई : आतमधी घंटी वाजली का गं?

अंबिका : मशीनची असते. नळी जरा वाकली तरी वाजते. घाबरू नकोस.

सखूबाई : घाबरत नाय मी. इचारलं आपलं. अंबे, ते उंदरं मारताना तिथं कोण असतं?

अंबिका : मी असते.

सखूबाई : तूच मारतीस?

अंबिका : हो. भूल देतो आधी. त्यांना काही कळत नाही.

सखूबाई : अन् तुला?

अंबिका : मला कळतं. पहिल्या वेळी दिवसभर जेवण गेलं नाही.

सखूबाई : हं. आमी बी इकतोच की खाटकाला. तळहातावर वाढवलेलं असतं. मी कोण तुला नावं ठिवणार? मघा बोलले ते मनावर घिऊ नको. निस्तं आपलं बरं करून मारता म्हणल्यावर ऱ्हावलं नाय. आमी निदान देताना पाठीवरून हात फिरवतो.

अंबिका : मी पण फिरवते.

सखूबाई : फिरवतीस?

अंबिका : सर हसतात. म्हणतात, अंबिका, त्याचा नंबर लक्षात ठेव, लाड नको करू. पण हात जातोच.

सखूबाई : जाणारच. मंग नीट शीक बाई. त्यांचं मरण फुकट नको जायाला. पुढं कुणाच्या तरी मालकाला ऊन लागलं, तर तवा तरी असंल का तुझं ते चुंबक अन् औषध?

अंबिका : माहीत नाही, काकी. झालं तर खूप वर्षांनी. कदाचित नाहीच होणार.

सखूबाई : आवो बया! परत माहीत नाय! सरकारनं तुला इतकी वर्षं पोसलं ते माहीत नाय म्हणायला? चंपाबाईच्या रूपाला इचार, समदं माहीत असतंय तिला.

अंबिका : म्हणून ती तलाठी झाली.

सखूबाई : हसलीस एकदाची. तोंड बग किती सुकलंय. सकाळधरनं काय खाल्लं नाय ना? ही घे भाकर. तिखट हाय, पाणी घे संगं.

अंबिका : तू पण खा. तूही काही खाल्लेलं नाहीस.

सखूबाई : ह्ये बाहीर आले की खाते. अगं, दार उघडलं. आले! आले का? खुर्चीवर बसवून आणलं. कसं वाटतंय? कापायलाव कामून?

त्रिंबक : थंडी वाजली आत. बाहीर इतकं ऊन अन् तिथं माघ महिना. घोंगडी दे.

अंबिका : रक्त बाहेर फिरून येतं ना, म्हणून थंडी वाजते. जाईल थोड्या वेळात. मॅडम म्हणाल्या, पोटॅशियम खाली येईल आता.

त्रिंबक : अन् पिशवी?

अंबिका : अजून काही नाही.

त्रिंबक : परवा परत?

अंबिका : परवा परत.

त्रिंबक : त्याच्यानंतर?

अंबिका : त्याच्यानंतरचं परवा बघू.

त्रिंबक : बरं. रामेश्वरला फोन लाव.

सखूबाई : आता कशाला? पडा की जरा. मी सांगते त्याला, तात्या मशीनवरून आला, बरा हाय.

त्रिंबक : ते नाय सांगायचं. काकासाहेबाच्या रानात आता काडी ऱ्हायली नसंल. मेंढरं हाडावर येतील तिथं. मिरग लागायच्या आत सोयगावच्या वर डोंगराला लागायला पायजेत.

सखूबाई : तो हालत नाय तुमच्याबिगर. मला तोंडावर म्हणला, तात्या आल्याबिगर मेंढरांभवतीची जाळी उचलत नाय.

त्रिंबक : म्हून तर मी बोलतो. लाव गं अंबे.

अंबिका : लागला. धरा. कानाला नीट धरा.

त्रिंबक : रामेश्वर? व्हय, मीच. आवाज बारीक हाय, ऐक. उद्या पहाटं जाळी उचल. व्हय, उद्याच. माझी वाट बघू नको. तू मेंढरं घिऊन व्हय पुढं. मी मागून येतो.